कानाने लावलेले टॅपेट

शंकर नगर, रायपूर
१० नोव्हेंबर २०२५

ती. मंदाताईस,
रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

निरंजनच्या मोटरसायकलचे टॅपेट लावायला खरं किती लागलं, तो हिशेब आधी देऊन टाकतो. तुझा पोट्टा फुगवून सांगेल त्याच्या आत. एक अख्खा रविवार. अंगठ्याचं अर्धं नख. तुझ्या भावजयीचा, वनमालाचा, एक टॉवेल, जो आता टॉवेल राहिला नाही. ती बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला आहे, परत येईल तेव्हा बघू. दुपारचा भात, कारण माझे हात ऑइलने भरलेले आणि गॅस बंद करणार कोण. आणि तुझ्या सुनेचा अबोला. कौमुदीने तेलीबांध्याच्या बंडू मेकॅनिकला गाडी आणतो म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि मी ऐन वेळी जिन्यातच निरंजनच्या हातातून किल्ली काढून घेतली.

टॅपेट म्हणजे काय ते तुले पुन्हा सांगतो. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात, वॉल्व्ह म्हणतात त्यांना. त्या सारख्या उघडझाप करतात. त्यांना दाबणारी दांडी आणि झडप यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. फट वाढली की टकटक आवाज येतो. निरंजनची गाडी महिनाभर टकटक करून राहिली होती. तो वर राहतो, मी खाली. तो गल्लीच्या तोंडाशी वळला की मला घरात बसून कळायचं.

बंडू काय करतो, तर पातळ पत्त्यांचा एक गेज घेतो, त्यातली एक पत्ती त्या फटीत सरकवतो आणि माणसाला घरी पाठवतो. मला पत्ती लागत नाही. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला, आणि ऐकायचं. आवाज आला की बंद करून आवळायचं. पुन्हा चालू करून ऐकायचं. संध्याकाळपर्यंत गाडी अशी गप्प झाली की समोरच्या अग्रवालांनी विचारलं, चालू आहे की बंद. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या फॅक्टरीत हेल्पर होतो तेव्हापासून मशीन मी कानाने ओळखतो. बीरगावला माझ्या शेडमध्ये आजही ग्राइंडरचा आवाज बदलला की पाठमोरा असलो तरी ओरडतो. आणि माझी स्वतःची गाडी घेतल्यापासून एकाही मेकॅनिकने तिच्या टॅपेटला हात लावलेला नाही. विश्वास नसेल तर वनमालाला विचार.

तुझ्या कानाचं मशीन दुरुस्त झालं का? मोबाईलवर लिहीत जा म्हटलं तर तू म्हणतेस की मी उत्तरात नुसते अंगठे पाठवतो. म्हणून हे चार कागद. पोस्टात नोकरी केलेल्या बाईशी कोण वाद घालणार.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा आणि बरणीभर तिळाची चटणी कोणाच्या तरी हाती पाठवावी.

तुझा
रत्नाकर


वर्धा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नाकर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. टॉवेलबद्दल वनमालाला मी काही लिहिणार नाही, पण तो धुवून वाळत घालू नको. तो लपवण्यातच तुझं भलं आहे.

कानाचं मशीन दुरुस्त झालं. आता ते शिट्टी वाजवतं आणि मला कुत्र्यांचं भुंकणं तेवढं स्पष्ट ऐकू येतं. शेजारच्या गोदूबाई म्हणतात की त्यांचंही असंच आहे आणि त्यांना त्यातच बरं वाटतं.

निरंजनच्या गाडीचं वाचलं. तू केलंस ते प्रेमाने केलंस, यात मला शंका नाही. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला नीट लागली नाही. तू लिहितोस की दोघांच्या मधे फट ठेवावी लागते. मग लिहितोस की आवाज जाईपर्यंत आवळलं. मग फट उरली का? मला इंजिनातलं काही समजत नाही. आयुष्यभर मनीऑर्डरी लिहिल्या. पण ठेवायची गोष्ट ठेवली की नाही हे बघायला तू काय वापरलंस, एवढं मला सांग. निरंजनला मेसेज टाकून विचारलं तर त्याने लिहिलं की मामाने केलंय, आई, तू चिंता करू नको. हे वाचून मला चिंता वाटू लागली, कारण हा मुलगा इतक्या थोडक्यात तेव्हाच उत्तर देतो जेव्हा त्याला काही सांगायचं नसतं.

लहानपणी तू गावच्या पिठाच्या गिरणीत जाऊन आवाजावरून पट्टा कुठे घासतो ते सांगायचास, आणि दादा सगळ्यांना सांगत फिरायचे. ते मला आठवतं. तरी विचारते.

मायेत काही कमी नाही, असं समजून उत्तर लवकर द्यावं.

तुझी
मंदाताई


शंकर नगर, रायपूर
२१ नोव्हेंबर २०२५

ती. मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पोस्टात नसतीस तर वकील झाली असतीस. फट उरली का म्हणून विचारतेस. उरली असणारच, नाहीतर गाडी चालली कशी असती? रोज तो नवा रायपूरच्या ऑफिसात जातो आणि येतो. काल सकाळी मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. एक टक नाही. अशी गाडी मी शोरूममध्ये पण ऐकली नाही.

हां, संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बंद केली आणि भाजी आणायला लगेच पुन्हा निघाला, तेव्हा तिला किका जास्त लागल्या. मी खिडकीतून मोजून राहिलो होतो. ते पेट्रोलचं आहे. आजकाल पेट्रोलमध्ये काय मिसळतात देव जाणे. निरंजनला म्हटलं तर तो हसला आणि हव मामा म्हणून वर गेला. इथे राहून 'हो'चं सगळं हव झालं आहे त्याचं. कौमुदी मात्र जिन्यावर थांबली आणि मला विचारती झाली, की मामा, बंडूभैयाला एकदा दाखवलं तर तुम्हाला राग येईल का. मी म्हटलं की राग कशाला येईल, गाडी तुमची आहे. ती वर गेली. नंतर ते दोघं वर हळू आवाजात बोलले. हळू आवाजात बोललं की मला जास्त ऐकू येतं हे त्यांना अजून कळलेलं नाही. निरंजन तिला सांगत होता की मामाने एक रविवार घातला, आता बंडूकडे नेली तर ते त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं होईल, आणि आपण त्यांच्या घरात राहतो. मला बरं वाटलं, ताई. आजकाल असा विचार करणारी पोरं कुठे आहेत.

एक बातमी. सहा डिसेंबरला, शनिवारी पहाटे, दोघं गाडीवर कोंडागावला निघतात. कौमुदीच्या मैत्रिणीचं लग्न आहे. केशकाल घाटातून जाणार म्हणून तुझा पोट्टा आतापासून खुश आहे. मी म्हटलं बसने जा, तर म्हणे घाट बसमधून बघायचा नसतो. आता गाडी अशी झाली आहे की मला पण मनात काळजी नाही.

वनमाला अजून गोंदियालाच. तिचा फोन येतो तो फक्त कुंड्यांना पाणी दिलं का हे विचारायला.

तुझी माया अशीच राहो, संशय थोडा कमी कर.

तुझा
रत्नाकर


वर्धा
२८ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नाकर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे. मिळालं की उभ्यानेच वाच.

मला कौमुदीकडून कळलं आहे. तिला मधे आणू नको, तिच्यावर चिडू नको. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. गाडी सकाळी गार असताना ठीक चालते. ऑफिसातून येताना तेलीबांध्याच्या सिग्नलला उभी राहिली की आपोआप बंद पडते. मग चालू होत नाही. निरंजन ती फुटपाथजवळ ढकलत नेतो आणि थोडा वेळ उभी करतो, थंड झाली की चालू होते. मागच्या आठवड्यात असं पुन्हा पुन्हा झालं. तो तुला सांगत नाही, कारण तुला वाईट वाटेल. तू ज्या बोलण्याने खुश झालास, रत्नाकर, तेच मला वाचवेना.

मला तुझ्याएवढं कळत नाही, पण मी स्वयंपाकघरात उभं राहून म्हातारी झाले. माझा कुकर शिट्ट्या करतो तोवर मी दुसऱ्या खोलीत बसते. ज्या दिवशी आच मोठी असून शिट्टी होत नाही, त्या दिवशी मी पळत जाते. तू लिहितोस की गाडी गप्प झाली. गप्प झाली म्हणजे बरी झाली, हे तुला कोणी सांगितलं? गरम झाल्यावर बंद पडते, आणि घाटात तर गाडी गरमच होणार. मागे ती मुलगी बसलेली असणार.

सहा तारखेच्या आत गाडी बंडूला दाखव. तो चोर आहे, लुटारू आहे, काय म्हणशील ते मान्य. पण त्याच्याकडे ती पत्ती आहे. निरंजन नेणार नाही, त्याला तुझा संकोच आहे. म्हणून तूच ने. तू नेलीस तर कुणाच्या तोंडावर कुणी मारल्यासारखं होत नाही.

मोठी बहीण म्हणून एवढा एक हट्ट पुरव. मग वर्षभर काही मागणार नाही.

तुझी
मंदाताई


शंकर नगर, रायपूर
४ डिसेंबर २०२५

ती. मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. उभ्यानेच वाचलं, कारण मी शेडमधून येऊन बूट काढत होतो.

राग आला होता, तो गेला. कौमुदीवर चिडलो नाही. पण बंडूकडे नेणं मला जमलं नाही, आणि काहून जमलं नाही ते सांगतो. काल संध्याकाळी निरंजन आला तसा मी खालीच त्याला थांबवलं आणि गाडी चालूच ठेव म्हणालो. पेचकस लावला, कानाला धरला. ताई, तुझं थोडं खरं होतं. एका बाजूने अगदी बारीक, मुंगी चालावी तसा टक येत होता. म्हणजे माझ्याकडून एक टॅपेट सैलच राहून गेला होता. दोष होताच, तो मी शोधला. गाडी गरम होती तरी कव्हर उघडलं आणि तो अर्धा सूत आणखी आवळला. आता ती आपल्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा शांत आहे. कौमुदीला खाली बोलावून ऐकवलं. ती म्हणाली की हो मामा, काहीच ऐकू येत नाही.

निरंजनला मी समोर बसवून विचारलं की सिग्नलला बंद पडते हे मला काहून सांगितलं नाही. तो म्हणाला की एकदाच पडली होती. मग म्हणाला की दोनदा. मी त्याला म्हटलं की आता पडणार नाही. त्याने माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि वर गेला.

परवा पहाटे निघतात. कोंडागावला पोचल्यावर कौमुदी तुला मेसेज टाकेल. आता तू पण गप्प हो आणि निवांत झोप.

रागावलीस तरी आपला म्हणूनच रागाव.

तुझा
रत्नाकर


कांकेर
८ डिसेंबर २०२५

ती. आईंस,
कौमुदीचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघंही ठीक आहोत, हे मेसेजमध्ये लिहिलंच आहे. त्यांचं उजवं मनगट मोडलं आहे, प्लास्टर झालं. इथल्या दवाखान्यातून उद्या सोडतील. मला गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. तुम्ही मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा विचारलं की कसं झालं, आणि ते उत्तर देत नव्हते. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. मेसेज ते माझ्या फोनमध्ये वाचतात.

घाट सुरू होईपर्यंत गाडी छान चालली. मग चढावर तिचा जोर कमी कमी होत गेला. ते गिअर खाली खाली टाकत होते. मी मागून म्हटलं की थांबू या, ते म्हणाले की या वळणानंतर थांबू, इथे जागा नाही. आणि त्या वळणातच ती बंद पडली. काही आवाज झाला नाही, आई. पंखा बंद करावा तशी. गाडी मागे सरकायला लागली. मागे सळ्या भरलेला ट्रक होता. ते मला ओरडले की उतर, मी कशी उतरले ते मला आठवत नाही, मी घाटाच्या भिंतीकडे होते एवढं आठवतं. त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली, हात खाली आला. ट्रकवाल्याने ट्रक उभा केला. तो इतका जवळ उभा राहिला की मी हात लांब केला असता तर त्याचा बंपर लागला असता. ड्रायव्हर उतरून आम्हाला शिव्या देत होता. मग त्यानेच मला दीदी म्हणून पाणी दिलं.

त्यांनी मामांना फोनवर सांगितलं की रस्त्यावरच्या बारीक गिट्टीवरून घसरलो. मलाही तेच सांगायला लावलं आहे. मी मामांना काही म्हणणार नाही, तुम्हीपण म्हणू नका. पण खोटं बोलून पुन्हा त्याच गाडीवर बसायची वेळ आली तर मी बसणार नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे.

तुमची आठवण फार येते. एवढीच कृपा असू द्या की काळजी करून आजारी पडू नका.

तुमची
कौमुदी


वर्धा
१२ डिसेंबर २०२५

चि. रत्नाकर यास,
आशीर्वाद. वि. वि.

निरंजन गिट्टीवरून घसरला असं कळलं. मनगट मोडलं म्हणतात. डाव्या हाताने जेवता येतं का ते बघ, त्याला लहानपणी डाव्या हाताने घास घेता यायचा नाही.

मी काही विचारत नाही. चटणी पाठवली आहे.

मंदाताई


शंकर नगर, रायपूर
१७ डिसेंबर २०२५

ती. मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आजवर तू मला इतकं कमी कधी लिहिलं नव्हतंस. त्यावरून ओळखलं की तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. निरंजन अजून गिट्टीच म्हणतो.

गाडी आणायला मीच पिकअप घेऊन गेलो होतो. घाटाच्या पायथ्याशी पोलीस चौकीत ठेवली होती. हँडल वाकलेलं, एक आरसा गेलेला, बाकी धड. सवयीप्रमाणे मी किक हाताने दाबून बघितली. इंजिनाने पायाला धक्का दिला पाहिजे, ताई, गाडी जिवंत असली तर. ती किक माझ्या तळहाताने लोण्यात बोट जावं तशी खाली गेली. मग मी खाली बसलो, सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला आणि पुन्हा हळूहळू दाबली. आतून वारा सुटत होता. फुस्स, फुस्स. झडप बंदच होत नव्हती. तुझ्या भावाचे कान खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं. त्या दिवशी पण बोलले नव्हते. टकटक थांबली हे त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. थांबली म्हणजे काय झालं, ते मी माझ्या मनाने ठरवलं.

तिथल्या हवालदाराने विचारलं की काका, काय ऐकून राहिले. मी म्हटलं की काही नाही.

गाडी सरळ तेलीबांध्याला बंडूच्या दुकानात उतरवली. तिथे कामगारांनी मला ओळखलं आणि सगळे एकदम कामाला लागले, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. बंडूने डोकं उघडलं. त्याने गेजमधली सगळ्यात पातळ पत्ती घेतली आणि मला दाखवून फटीत घालून बघितली. गेली नाही. फट नव्हतीच. गाडी गार असताना झडप जेमतेम टेकायची, गरम झाली की लोखंड वाढायचं आणि ती उघडीच राहायची. मग त्याने झडप काढून माझ्या हातावर ठेवली. कड जळलेली, बिस्किटाचा कोपरा उंदराने खावा तशी. मी ती खिशात टाकली. बंडूने चहा मागवला, तो मी प्यालो.

तिथून घरी आलो आणि सरळ वर गेलो. निरंजन डाव्या हाताने वरण-भात खात होता, सांडत होता. मी झडप त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि सांगितलं की घाटात गिट्टी नव्हती, हे होतं, आणि हे मी केलं. तो म्हणाला की मामा, असं काही नाही, घाटात गिट्टी होतीच. मी म्हटलं की तुले मार खायचा आहे का. मग तो रडला. मी पण थोडा. कौमुदी आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली. बाहेर आली तेव्हा तिने मला ताट वाढलं आणि म्हणाली की मामा, बंडूभैयाने गाडी दिली तरी मी महिनाभर बसने जाणार. मी म्हटलं की जा. यापेक्षा कमी शिक्षा मला कोर्टात मिळाली नसती.

मनगटाला सहा आठवडे. बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले की पूर्ण बरं होईल. तुझ्याकडे त्याला पोंगलच्या आधी घेऊन येतो, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आधी. माझ्या शेजारी नवीन मद्रासी कुटुंब आलं आहे, त्यांच्यामुळे जीभ वळली. येताना ट्रेनने येऊ.

तू त्या मुलीला वाचवायला एवढं लिहिलंस आणि मी वाचलं नाही, म्हणजे वाचलं, पण ऐकलं नाही. पुढच्या वेळी मारायला ये. पण माया तोडू नकोस, ती मला अजून बराच काळ लागणार आहे.

तुझा
रत्नाकर

ता. क. निघताना बंडूने मला विचारलं होतं की दीदीने यावेळी फोन कसा केला नाही. तो वनमालाला दीदी म्हणतो. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. वनमाला काल गोंदियाहून परतली, तिला विचारलं. तिने आधी कुंड्या बघितल्या, मग सांगितलं. गाडी घेतली त्या वर्षी, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या रविवारी मी माझ्या गाडीचे टॅपेट पहिल्यांदा लावले होते, आणि ती गाडी बूढापाऱ्याच्या चौकात तिला मागे घेऊन बंद पडली होती. तेव्हापासून मी रविवारी टॅपेट लावले की सोमवारी, मी पिकअपने बीरगावला गेल्यावर, ती फोन करते, बंडू घरी येतो, आणि पत्ती लावून ते पुन्हा सैल करून जातो.